बिनहवेचे चाक आणि हादऱ्याचा हिशेब

मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिकहून पिंपळगाव बसवंतकडे जाताना रस्त्याकडेच्या झाडाला, नाही तर नुसत्या बांबूला टांगलेला जुना टायर ठिकठिकाणी दिसतो. त्यावर पांढऱ्या रंगाने अक्षरे काढलेली नसली तरी त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. हवा भरण्याचे एक यंत्र, पाण्याने भरलेले घमेले, कानस आणि रबराच्या ठिगळांचा डबा एवढ्या भांडवलावर चालणारा हा धंदा मोटार नावाच्या वस्तूच्या एका मूलभूत उणिवेवर उभा आहे. लाखो रुपयांचे वाहन, त्यातील सुधारलेले इंजिन, संगणकाने चालणारी नियंत्रणे, हे सारे एका खिळ्याने किंवा बाभळीच्या काट्याने भर रस्त्यात उभे राहते. ही उणीव आता कायमची दूर होणार, टायरमधून हवाच काढून टाकली जाणार आणि पंक्चर हा शब्द केवळ कोशात उरणार, अशी आश्वासने गेली वीस वर्षे अधूनमधून कानावर येत आहेत.

या आश्वासनांची शहानिशा नाशिककरांनी करावी, याला कारणे आहेत. टायर तयार करणारा मोठा कारखाना सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. त्याच सातपुरात मोटारी तयार होतात. टायर फुटून होणाऱ्या अपघातांमुळे ज्याचे नाव सतत चर्चेत राहिले तो समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जातो. आणि कांदा, द्राक्षे व ऊस यांची वाहतूक हा तर या जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचा कणाच आहे. तेव्हा चाकात हवा असावी की नसावी, हा प्रश्न येथे केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

वस्तुतः हवा नसलेले चाक ही नवी कल्पना नव्हे. हजारो वर्षे माणसाने दुसरे चाक पाहिलेच नव्हते. सुताराने तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून चाक उभे करावे, लोहाराने लोखंडी धाव भट्टीत लाल करून त्यावर चढवावी आणि पाणी ओतताच आकसलेल्या धावेने सारे सांधे घट्ट आवळून धरावेत, ही कारागिरी गावोगाव होती. त्या चाकाला पंक्चर ठाऊक नव्हते. परंतु त्या चाकाने जो हादरा दिला तो बैलाच्या मानेने, गाडीवानाच्या कमरेने आणि रस्त्याच्या खडीने सोसला. अरुंद लोखंडी धाव मऊ रस्त्यात सुरीसारखी उतरे आणि एकदा चाकोरी पडली की पुढची प्रत्येक गाडी तीच चाकोरी खोल करीत जाई. ‘चाकोरी’ हा शब्द मराठीत रूढ जीवनक्रमाला लागला, यावरून त्या चाकाच्या पराक्रमाची कल्पना यावी.

यावर उतारा म्हणून हवा आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे एकस्व मिळविले. पण ते काळाच्या फार आधी आले आणि विस्मरणात गेले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेची रबरी नळी चाकावर बसविली आणि त्यानंतर काही वर्षांतच भरीव रबराचे चाक सायकलीवरून हद्दपार झाले. मौज अशी की, ज्या थॉमसनने हवेचे चाक प्रथम शोधले त्यानेच १८६७ मध्ये वाफेवर चालणाऱ्या आपल्या रस्तागाडीला भरीव रबराच्या धावा लावल्या आणि तशा गाड्या हिंदुस्थानातही आल्या. हवा आणि भरीव रबर यांच्यातील निवड ही जुन्या-नव्याची निवड नसून कामाची निवड आहे, हे त्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वीच उमगले होते. आजच्या जाहिरातींना ते अद्याप उमगलेले दिसत नाही.

टायरमधील हवा नेमके काय काम करते, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचा विचार सोपा होतो. माणसांसह बाराशे किलो वजनाची मोटार चार चाकांवर उभी असते, म्हणजे प्रत्येक चाकावर सरासरी तीनशे किलो भार येतो. टायरमध्ये ‘बत्तीस’ हवा असेल तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो भरतो. हा भार या दाबाने भागला की चाकाचा जमिनीला टेकलेला भाग ठोकळ मानाने १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास निघतो. म्हणजे मोठ्या माणसाच्या हाताच्या पंजाएवढा. त्या पंजाएवढ्या जागेत सारा भार समसमान पसरवायचा, दगड आला तर तेवढ्यापुरते दबायचे, दगड गेला की पूर्ववत व्हायचे आणि हे एका मिनिटात शेकडो वेळा करायचे, हे काम हवा करते. तिच्यासारखी हलकी, न झिजणारी आणि फुकट मिळणारी स्प्रिंग अन्य पदार्थातून घडविणे फार अवघड आहे. आणखी एक सोय अशी की, हवेचा दाब ओझे पाहून कमी-अधिक करता येतो. रिकाम्या ट्रॉलीला एक दाब, भरलेल्या ट्रॉलीला दुसरा. लोखंडाची किंवा प्लॅस्टिकची स्प्रिंग एकदा घडली की घडली.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने हवेच्या चाकाचा अनुभव मोटारीआधी नव्हे तर बैलगाडीतून अधिक खोलवर घेतला. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत आणण्यासाठी त्यांनी लोखंडी धावेच्या गाडीऐवजी टायरची गाडी पसंत केली. निफाड तालुक्यापासून प्रवरेच्या खोऱ्यापर्यंत हंगामात या टायरगाड्यांच्या रांगा लागल्या. ऊसतोड कामगारांच्या बोलीत ‘टायर’ हा शब्दच गाडीचा वाचक होऊन बसला. या बदलाचा हिशेब मात्र विचार करण्याजोगा आहे. चाक हलके फिरू लागल्यामुळे बैलांचे श्रम कमी व्हायला हवे होते. झाले असे की, चाकाने जेवढी ओढ वाचविली तेवढे ओझे गाडीवर चढले. जी जोडी पूर्वी टनाच्या आतबाहेर माल ओढीत होती ती दीड-दोन टन आणि पुष्कळदा त्याहूनही अधिक ऊस ओढू लागली. सुधारणेचा लाभ बैलाला मिळाला नाही. तो उसाला आणि उसाच्या मालकाला मिळाला. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा प्रश्न चिकाटीने लावून धरला होता. जनावराच्या मानेवरील जू आणि त्याने होणाऱ्या जखमा हा त्यांच्या मांडणीचा महत्त्वाचा भाग होता, तो उगाच नव्हे.

हे उदाहरण येथे विस्ताराने देण्याचे कारण असे की, चाकातील कोणत्याही फेरबदलाचे गुणदोष चाकाकडे पाहून ठरत नाहीत. पंक्चरचा खर्च कोण भरतो आणि हादऱ्याचा खर्च कोण सोसतो, हे पाहावे लागते. बिनहवेचा टायर पहिला खर्च नाहीसा करतो, याविषयी वाद नाही. दुसरा खर्च तो कोणाच्या तरी खात्यावर टाकतो. तो कोणाच्या, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे आणि तो विचारल्याशिवाय या टायरचे कौतुक किंवा निंदा करणे अप्रस्तुत ठरेल.

पुण्यात २०१८ साली भाड्याच्या सायकलींची लाट आली तेव्हा याचे चोख प्रात्यक्षिक घडले. मोबाइक या चिनी कंपनीने हिंदुस्थानातील आपला व्यवसाय पुण्यातून सुरू केला. ओफो ही तिची प्रतिस्पर्धीही त्याच वर्षी शहरात होती. रस्त्यावर कुठेही उभ्या करता येणाऱ्या या सायकलींच्या धंद्यात भरीव किंवा पोकळ्या ठेवून घडविलेल्या बिनहवेच्या टायरचा वापर जगभर झाला आणि त्यामागचा हिशेब सरळ होता. हजारो सायकली शहरभर विखुरलेल्या. त्यांतील प्रत्येकीची हवा पाहायला माणूस पाठवायचा तर त्याचा पगार भाड्याच्या दोन-चार रुपयांतून निघणे अशक्य. तेव्हा हवाच नको. परंतु अशी सायकल चालविताना पायाला जास्त जोर लागतो आणि प्रत्येक खड्डा हँडलवाटे थेट मनगटापर्यंत येतो, ही गोष्ट अशी सायकल चालविलेला कोणीही विद्यार्थी सांगेल. पंक्चरचा खर्च कंपनीचा होता, तो गेला. हादरा स्वाराचा होता, तो वाढला. ओफोने त्याच वर्षी हिंदुस्थानातून काढता पाय घेतला. त्याची कारणे चाकापेक्षा भांडवलाच्या ओढाताणीत अधिक होती, हे येथे नोंदविले पाहिजे. सगळे खापर टायरवर फोडणे अन्यायाचे होईल.

याउलट सातपूर-अंबडच्या गोदामांतील फोर्कलिफ्ट यंत्र पाहावे. त्याला भरीव टायर असतो आणि तो असणेच योग्य आहे. जमीन सपाट, वेग बैलगाडीहून थोडा जास्त, ओझे प्रचंड आणि खाली लोखंडाचे कीस व खिळे पडलेले. तेथे हवेचा टायर फुटला तर वर उचललेला माल माणसाच्या अंगावर येण्याचा धोका. येथे हादरा नगण्य आणि पंक्चरची किंमत मोठी, म्हणून निवड उघड आहे. अशाच तर्काने १९७१ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो मोहिमेच्या गाडीला हवेचे टायर लावले नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची विणलेली चाके तिला होती. त्या गाडीचा वेग सायकलीएवढाच होता आणि चंद्रावर पंक्चरचे दुकान नव्हते.

खरी अडचण वेगाची आहे. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने २००५ साली आऱ्यांवर तोललेला बिनहवेचा टायर जगासमोर मांडला, तेव्हा काही वर्षांत तो मोटारीवर दिसेल असे पुष्कळांना वाटले. प्रत्यक्षात तो रुळला तो माती उपसणाऱ्या आणि गवत कापणाऱ्या संथ यंत्रांवर. २०१९ मध्ये त्याच कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने मोटारीसाठी नवा नमुना जाहीर केला आणि २०२४ पर्यंत तो बाजारात आणण्याचा मनोदय बोलून दाखविला. ते वर्ष उलटून गेले. त्याच्या चाचण्या २०२३ पासून सिंगापुरात माल पोहोचविणाऱ्या आणि नंतर फ्रान्समध्ये टपाल वाटणाऱ्या गाड्यांवर झाल्या. या निवडीतच सर्व काही आले. टपालाची गाडी ठरावीक रस्त्याने, ठरावीक ओझे घेऊन, बेताच्या वेगाने जाते आणि रात्री मालकाच्या आवारात परत येते. घरगुती मोटारीची तऱ्हा तशी नसते. वेग वाढला की प्रत्येक आरा सेकंदाला अनेक वेळा वाकतो आणि सरळ होतो. त्यातून उष्णता निर्माण होते, घरघर वाढते आणि बसणाऱ्याला सूक्ष्म कंप जाणवत राहतो. बंद टायरमधील हवा हा भार सर्व बाजूंनी वाटून घेते. आऱ्यांना ते इतक्या सहजतेने साधत नाही.

आणि येथेच समृद्धी महामार्गाचा प्रश्न येतो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला, २०२३ च्या मेमध्ये तो इगतपुरी तालुक्यातील भरवीरपर्यंत आला आणि २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पुरा झाला. सिमेंट काँक्रीटचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आणि विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा. ज्या मोटारी एरवी तासाला पन्नास-साठच्या वेगाने गावरस्त्यावर धावत होत्या त्याच त्यांच्या जुन्या टायरांसह तासन्‌तास शंभराच्या वर धावू लागल्या. टायर फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्यावर परिवहन खात्याने २०२३ साली प्रवेशद्वारांवर टायरांची तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठविल्या. फुटणारच नाही असा टायर मिळाला तर किती जीव वाचतील, ही भावना अशा वेळी स्वाभाविक असते.

परंतु टायर फुटतो कशाने, हे समजून घेतले पाहिजे. दाब जास्त झाला म्हणून टायर फुटतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनेकदा कारण उलट असते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकतो, वाकण्याने तापतो, तापल्याने रबर आणि आतील धागे यांची पकड सुटते आणि मग तो फाटतो. यावर उपाय म्हणून नायट्रोजनचा मोठा गाजावाजा होतो. पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात आहे. ओझरच्या कारखान्यात घडणाऱ्या विमानांच्या टायरांना शुद्ध नायट्रोजन लागतो, कारण तेथील दाब, उष्णता आणि उंचीवरची थंडी निराळी असते. मोटारीला बव्हंशी लागतो तो हवेचा योग्य दाब आणि तो पाहण्याची सवय. मोटारीच्या टायरवरील खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, असा नियम देशात आहे. दुचाकी आणि तीनचाकीला ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. त्यासाठी नवा शोध लागण्याची गरज नाही, मोजपट्टी पुरते.

टायर फुटला, ही सबबही दर वेळी खरी नसते. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खाजगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे जळून मेली. टायर फुटल्याने अपघात झाला, असे चालकाने प्रथम सांगितले. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. टायर मुका असतो. त्याच्यावर दोष ढकलला की चालकाची झोप, मालकाचे वेळापत्रक आणि अडकलेला आपत्कालीन दरवाजा यांच्याबद्दल कोणी विचारीत नाही. बिनहवेचा टायर उद्या सर्वत्र आला तरी हे तीन प्रश्न जागच्या जागी राहतील.

आता नाशिकच्या मातीचा विचार करू. निफाड-दिंडोरी भागातील काळी माती पावसात चाकाला कशी धरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. उघड्या आऱ्यांच्या टायरमध्ये हा चिखल शिरला आणि वाळून घट्ट बसला की चाकाचा तोल जातो; खडा अडकला तर आऱ्याला चीर पडते. शेतातल्या बाभळीच्या काट्यापासून सुटका व्हावी म्हणून जे चाक घ्यावे ते शेतातल्याच चिखलाने निकामी व्हावे, असा हा प्रकार होईल. ओझ्याचेही तसेच. लासलगावच्या बाजारसमितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॉलीवर किती माल आहे, हे भाव आणि आभाळ पाहून ठरते. भाव चढले किंवा पावसाचे ढग दिसले की दोन खेपांचा माल एका खेपेत जातो. हवेचा टायर हा अत्याचार बराच काळ सोसतो, कारण शेतकरी दोन पौंड हवा जास्त भरतो. ठरावीक भारासाठी घडविलेल्या आऱ्यांना अशी तडजोड मान्य नसते.

दुरुस्तीचा मुद्दा याहून मोठा आहे. हवेचा टायर एकदाच विकत घेतला जातो, पण त्याचे आयुष्य अनेक हातांतून जाते. पंक्चर काढले जाते, झिजल्यावर वरची पट्टी नव्याने चढविली जाते. राज्य परिवहन महामंडळाचे स्वतःचे टायर पुनःस्तरण विभाग आहेत आणि लाल गाडीचा तिकीटदर आवाक्यात ठेवण्यात त्यांचाही अल्पसा वाटा आहे. शेवटी तोच टायर गोठ्याच्या दारात, विहिरीच्या काठावर किंवा चपलेच्या तळाशी दिसतो. काचतंतू आणि राळ यांच्या आऱ्यांचा टायर मोडला तर तो रस्त्याकडेच्या कारागिराच्या हातात येत नाही. तो कारखान्याकडे परत जातो किंवा कचऱ्यात. झाडाला टायर टांगून बसलेला मनुष्य पुष्कळदा केरळ, उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून आलेला असतो; त्याला पेन्शन नाही, संघटना नाही. त्याचा धंदा बसेल म्हणून शोध थांबवावा, असे कोणी म्हणणार नाही. पण त्या धंद्यातून फिरणारा पैसा तालुक्यातून उठून टायर-कंपनीच्या ताळेबंदात जाईल, एवढे तरी फायद्याच्या यादीशेजारी लिहिले पाहिजे. नळीविना टायर आल्यापासून त्याचे घमेले आधीच निम्मे रिकामे झाले आहे. २०२० च्या जुलैपासून तर असे टायर, ठिगळाची सामग्री आणि दाबदर्शक यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनीही सक्तीची राहिलेली नाही.

दुसऱ्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे. जगातील सुमारे एक-पंचमांश टायर पंक्चर, दाबातील घट किंवा अनियमित झीज यांमुळे आयुष्य पुरे होण्याआधीच भंगारात जातात, असे मिशेलिनचे म्हणणे आहे. विक्रेत्याचा आकडा म्हणून तो थोडा कमी करून घेतला तरी उरतो तो लहान नाही. भारतात २०२३-२४ साली नैसर्गिक रबराचे उत्पादन साडेआठ लाख टनांच्या आसपास होते आणि वापर चौदा लाख टनांच्या वर. ही तूट आयातीने भरून काढावी लागते. अवेळी मरणारा प्रत्येक टायर हा त्या आयातीचा भाग आहे. तेव्हा टायरचे आयुष्य वाढविणारी कोणतीही युक्ती राष्ट्रीय हिताची ठरेल. प्रश्न एवढाच की, तीच बचत कोट्यवधी रुपयांच्या नव्या यंत्रसामग्रीने साधायची की दाब मोजण्याच्या साध्या घड्याळाने. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणे, हा ग्राहकाचा हक्क आहे. पण घड्याळ बरोबर दाखवते का आणि नळी शाबूत आहे का, हे पाहणे मात्र कोणाच्याच रोजच्या कामात बसत नाही.

या सगळ्याचा रोख नव्या टायरला विरोध करण्याकडे नाही. जेथे वेग कमी, ओझे ठरलेले, वाट माहीत आणि वाहन अडल्यास होणारे नुकसान मोठे, तेथे तो आजच उपयोगी पडेल. महापालिकेच्या सफाई कामगाराची हातगाडी काचा आणि खिळे यांच्यातूनच फिरते; तिचे चाक बसले की दंड कामगाराच्या खांद्याला होतो, कारण गाडी ढकलावी त्यालाच लागते. रुग्णालयातील चाकाची खुर्ची, स्थानकावरील सामानाची गाडी, बाजारसमितीच्या आवारातील ढकलगाड्या ही सारी याच वर्गातली. तेथे पंक्चरचा भुर्दंड आणि हादऱ्याचा त्रास एकाच माणसाच्या वाट्याला येतात, म्हणून निवडही त्यालाच विचारून करता येते. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे अशा गाड्यांची व खुर्च्यांची खरेदी मोठ्या प्रमाणावर होणे अपरिहार्य आहे. रामकुंडाकडे जाणाऱ्या दगडी उतारांवर गर्दीत चाक बसलेली खुर्ची म्हणजे आतल्या वृद्धाची आणि मागच्या रांगेची एकदमच अडचण.

मात्र खरेदीच्या निविदेत केवळ ‘पंक्चरमुक्त’ एवढा शब्द घालून भागणार नाही. भरीव रबराचे चाक स्वस्त पडते म्हणून सर्वांत कमी दराची निविदा तेच पुढे करील आणि गोदाकाठच्या फरसबंदीवर त्याचे हादरे खुर्चीतील रुग्ण सोसत बसेल. किती ओझ्याला चाक किती दबते, किती महिने टिकते, मोडल्यास कोण बदलून देतो, या गोष्टी करारात याव्यात. निम्म्या गाड्यांना हवेची आणि निम्म्यांना बिनहवेची चाके लावून दोन पावसाळे नोंद ठेवली, तर ज्या प्रश्नावर आज जाहिरातदार बोलतात त्यावर आकडे बोलू लागतील. त्या नोंदीचे काम शहरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडे सहज सोपविता येईल. त्या वहीत एक रकाना गाडी ढकलणाऱ्याने भरायचा असावा आणि त्याच्या पाठीला काय वाटले, ते त्यात त्याच्याच शब्दांत लिहिले जावे.